आधी भांडी घासा, मग बाळ मागा

गेल्या अंकात मी एक वाक्य लिहिलं आणि बऱ्याच घरांत माझ्या नावानं बोटं मोडली गेली. बाळ बघायला जाताना झबली-टोपडी नेऊ नका, भाजी-भाकरीचा डबा न्या, आणि ‘आण गं बाळाला इकडे’ म्हणण्याआधी मोरीतली भांडी घासून टाका, एवढंच ते होतं. पंचवटीच्या एका आजींनी पोस्टकार्डावर विचारलंय, ‘आम्ही काय धुणीभांडीवाल्या आहोत का?’ आजी, रागावू नका. मी 34 वर्षं प्रसूती वॉर्डात सिस्टर होते. बाळाला मांडीवर घ्यायला लागलेली रांग रोज बघितली. बाळंतिणीचा तांब्या भरून ठेवायला लागलेली रांग एकदाही बघितली नाही.

या खेपेला पत्रं भरपूर आली. जेलरोडच्या माझ्या स्वयंपाकघरात टेबलावर गठ्ठा पडलाय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. आणि मी डॉक्टर नाही, हे ध्यानात असू द्या. दवाखान्यात जायला हवं असं जिथं लिहिलंय तिथं मासिक खाली ठेवायचं आणि निघायचं.

‘बाळ नऊ दिवसांचं आहे. नॉर्मल डिलिव्हरी. जन्मताना वजन 2.8 किलो, तिसऱ्या दिवशी घरी सोडताना 2.6. दर तासाला मागतं, संध्याकाळी तर सोडतच नाही. परवा पंप लावून पाहिला, जेमतेम 20 मिली निघालं. सासूबाई म्हणतात, तुला दूधच नाही. काल पावडरचा डबा आणून ठेवलाय. मला सारखं रडू येतं.’ – सिडको

डबा उघडलेला नसेल तर फडताळाच्या वरच्या फळीवर ठेव. रडू नको असं म्हणणार नाही, नवव्या दिवशी सगळ्याच रडतात. पण आधी मोजू या.

वजन घटलं म्हणून घाबरलीस ना? जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन उतरतं. जन्माच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त उतरलं तर मात्र बघावं लागतं. तुझं 200 ग्रॅम उतरलं, म्हणजे साधारण सात टक्के. दहा ते चौदा दिवसांत ते भरून निघायला हवं. तेव्हा उद्या आशाताईंना बोलाव नाहीतर दवाखान्यात ने, आणि काट्यावर ठेव. घरच्या माणसांच्या ‘सुकलंय गं’वर जाऊ नको. काटा बोलेल ते ऐक. वजन पुन्हा 2.8च्या घरात आलं असेल तर भांडण मिटलं.

काटा मिळेपर्यंत लंगोट मोज. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले, शी काळी-हिरवी जाऊन मोहरीच्या पुडीसारखी पिवळी झालेली, अंग तजेलदार. एवढं असेल तर दूध पोटात जातंय. जे आत गेलं नाही ते बाहेर येणार कुठून?

आता पंपाचं. पंपाला पान्हा फुटत नाही. बाळाचा वास, त्याचं कुरकुरणं, त्याची जीभ, यानं पान्हा फुटतो. प्लॅस्टिकच्या नरसाळ्याकडे बघून, त्यातही सासूबाई दारात उभ्या असताना, कुणालाच फुटायचा नाही. 20 मिली हे पंपाचं माप, तुझ्या दुधाचं नव्हे. पहिल्या दिवशी तर बाळाला एका वेळेला चमचा-दीड चमचा चीक पुरतो, कारण पोटच तेवढं असतं. गाय व्यायली की खरवसासाठी चार घरं ओळख काढत गवळ्याकडे जाणारे आपण, बाईचा चीक मात्र पिळून टाकायला सांगतो. अजूनही सांगतात, मी ऐकलंय.

दर तासाला मागणं, संध्याकाळी सलग दोन-तीन तास चिकटून राहणं, हे या वयात होतंच. बाळ उद्याच्या दुधाची ऑर्डर देत असतं म्हण. जितकं ओढलं जाईल तितकं तयार होतं. वरून पावडर दिली की बाळ तीन तास झोपतं, तेवढ्या वेळात छातीला निरोप जातो की मागणी घटली, आणि चार दिवसांत सासूबाईंचं म्हणणं खरं होऊन बसतं. रात्रीचं पाजणं सोडू नको. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं.

एक गोष्ट मात्र मला पत्रावरून दिसत नाही, ती तू बघ. बाळानं नुसतं बोंड धरलंय की भोवतालचा काळा भागही तोंडात घेतलाय? बसताना पाठीला उशी घे. बाळाचं पोट तुझ्या पोटाला टेकव, नुसती मान वळवून पाजायचं नाही. (तूच मान खांद्याकडे वळवून पाणी पिऊन बघ.) बोंड त्याच्या नाकासमोर धर, वरच्या ओठाला हलकं घास आणि थांब. जांभईसारखा मोठा आ झाला की बाळाला छातीकडे आण. तू बाळाकडे वाकू नको. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, काळा भाग वर जास्त दिसतोय आणि खाली कमी. असं दिसलं म्हणजे बसलं. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत असेल, बोंडाला चीर गेली असेल, तर पकड चुकलीय. करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडव आणि पुन्हा लाव. सात वेळा लाव. वॉर्डात मी एकेका बाईपाशी तास-तास बसलेय यासाठी.

डब्याबद्दल माझ्याही पदरी पाप आहे, तेही सांगते. 1986 साली मी नोकरीला लागले तेव्हा पावडरच्या कंपन्यांचे प्रतिनिधी वॉर्डात बिनदिक्कत यायचे. कॅलेंडरं, पेनं, ड्युटी रूममधलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्यांचंच. घरी सोडताना बाईच्या पिशवीत फुकटचा छोटा डबा मी माझ्या हातानं घातलाय, आणि वर ‘लागलं तर असू दे’ असं म्हटलंय. 1992 साली कायदा आला. जाहिरात, फुकट नमुने, भेटी सगळं बंद, डब्यावर बाळाचं चित्रही नाही. 2003मध्ये तो आणखी कडक झाला. घड्याळ मात्र पुढं कितीतरी वर्षं चालू होतं.

डबा कधीच लागत नाही असं मी म्हणत नाही. वजन खरोखर वाढत नसेल, आईला किंवा बाळाला काही आजार असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर द्यायचा. सांगितलेल्या मापानं, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं (चोच असलेल्या छोट्या वाटीनं), आणि मनात अपराध न ठेवता. पण बाळ पाजायला उठवूनही उठत नसेल, लंगोट कोरडे राहत असतील, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, ताप असेल, तर उद्याची वाट बघू नको.

सासूबाईंना एक काम सांग. दर पाजण्याच्या वेळी त्यांनी तुझ्या हाताशी तांब्या आणि अळिवाचा लाडू आणून ठेवायचा. लाडवानं दूध किती वाढतं यावर मी वाद घालणार नाही. लाडू घेऊन कुणीतरी आपल्यासाठी आलं, यानं पान्हा फुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

‘मी अंबडला कंपनीत सीएनसीवर आहे, तीन शिफ्ट. बायकोला आठवा महिना. तिला आई नाही, म्हणून माहेरी जायचा प्रश्न नाही. मला तिच्याजवळ थांबायचंय. माझी आई म्हणते, पुरुषाचं तिथं काय काम?’

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. काम खूप आहे.

आधी दवाखान्यात विचारून ठेवा, कळा सुरू झाल्यावर जवळ कुणाला थांबू देता? सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ सोबतीण असावी असं केंद्र सरकारनं 2016 सालीच ठरवलंय. शक्यतो घरातली बाळंतपण झालेली बाई, आणि आडोशाची सोय असेल तिथं नवराही चालतो. खासगीत ज्याचा त्याचा नियम. नाही म्हणाले तर तुमच्या आईला आत पाठवा, पण ‘ओरडू नको, आम्ही नाही का केलं’ हे वाक्य दारात काढून ठेवायला सांगा. चपलांसारखं.

आत गेलात तर मोबाईल खिशात. ती म्हणेल तसं. कळ आली की कमरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, मनगटाजवळचा तळवा टेकवून घट्ट दाबायचं. चोळायचं नाही, दाबायचं. कळ ओसरली की सोडायचं आणि घोटभर पाणी द्यायचं. डॉक्टरांची ना नसेल तोवर तिला चालू द्या, उकिडवं बसू द्या, तुमच्या गळ्यात हात टाकून लोंबकळू द्या. सारखं उताणं झोपून राहणं बरं नाही. बाळ आल्यावर पुसून लगेच तिच्या उघड्या छातीवर द्या, पहिल्या तासात पाजू द्या, हे आधीच सांगून ठेवा. सिझर झालं तरी बहुधा आई शुद्धीवर असते, तेव्हाही बहुतेक वेळा जमतं.

पैशाच्या बाबी तुम्ही बघा, तिला नका बघायला लावू. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची फुकट तपासणी असते. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर धरून, फुकट असतं. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये मिळतात. त्यात कोण बसतं हे अंगणवाडीत किंवा आशाताईंना विचारा. 108 आणि 102 हे दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. रात्रपाळीला असाल तर शेजारच्या कुणाची गाडी लागेल तेही आत्ताच विचारून ठेवा, द्वारकेच्या चौकात अडकल्यावर नको.

घरी आल्यावर पाजणं सोडून सगळं तुमचं. लंगोट, ढेकर, आंघोळ, रात्री दोनला बाळ उचलून तिच्या कुशीत देणं आणि पिऊन झालं की घेणं. पहिले दीड महिने तिनं स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. तुम्हाला खिचडी येते का? नसेल तर अजून महिना आहे, शिका. आणि हे पाठ करून ठेवा: तासाभरात पॅड भिजून चिंब होणं, ताप, घाण वास, डोकं ठणकून अंधारी येणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, फीट. यातलं एकही दिसलं तर गाडी काढायची, आईला विचारत बसायचं नाही.

‘मी बाळासाठी चांगली बेबी कॅरियर घेतली. बाळ तीन महिन्यांचं. त्यात ते शांत राहतं, माझे हात मोकळे राहतात. पण सासूबाई आणि मालिशवाल्या मावशी दोघी म्हणतात, पाय फेंगडे होतील, सवय लागेल.’ – गंगापूर रोड

सवय लागेल! नऊ महिने पोटात होतं त्याची सवय त्याला आहेच, नवी कसली लागणार?

1990च्या सुमारास मी काही महिने पेठकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. सकाळी ओपीडीला बाया यायच्या, लेकरू लुगड्याच्या झोळीत अंगाशी बांधलेलं, डोक्यावर सरपणाचा भारा. लेकरू झोपलेलं. मी नाशिकची पोर, पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये, त्यांना बाळ ‘नीट’ कसं धरायचं ते शिकवायला निघाले होते. एक बाई हसली, झोळी सोडली, माझ्याच अंगावर बांधून दाखवली आणि तिचं लेकरू त्यात घातलं. त्या दिवशी मी निम्मी इंजेक्शनं तशीच दिली. आज तीच झोळी बकलं लावून काही हजारांना मिळते, एवढाच काय तो फरक.

पायांचं म्हणशील तर उलट आहे. पोटात गुंडाळून राहिल्यामुळे सगळ्याच तान्ह्यांचे पाय थोडे कमानदार असतात. दीड-दोन वर्षांत ते आपोआप सरळ होतात. खुब्याला खरा धोका आहे तो पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधण्याचा. मालिशवाल्या मावशींना माझा नमस्कार सांग आणि हे सांग. कॅरियरमध्ये बाळ बेडकासारखं बसायला हवं. मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणाच्या वर, आणि कापडाचा आधार एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत. कडेवर घेतलेलं मूल असंच तर बसतं. नुसतं जांघेत अडकून पाय लोंबकळत असतील तर ती कॅरियर परत कर.

पाय सोड, श्वासाकडे बघ. जपायचंय ते तिथं. बाळाचं तोंड तुला मान खाली केली की दिसलं पाहिजे. पदर, ओढणी, काही वर नको. टाळूची पापी घेता येईल इतकं वर बांधायचं. बांधणी घट्ट, बाळ आत सरकून गोळा होता कामा नये. हनुवटी छातीला टेकलेली नको, मध्ये दोन बोटं मावली पाहिजेत, नाहीतर श्वासाची वाट दबते. मान धरेपर्यंत पुढेच बांधायचं, पाठुंगळी नंतर. कॅरियर नसेल तर जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी उत्तम. सिंथेटिक निसटते. पहिल्या चार-पाच वेळा पलंगाच्या कडेशी बसून बांध, कुणाला तरी शेजारी उभं कर.

गॅससमोर कॅरियर नाही, उकळता चहा ओतताना नाही. आणि गंगापूर रोडला मी जे रोज बघते ते तर मुळीच नाही: बाळ छातीला बांधून स्कूटर. ब्रेक लागला की मध्ये सापडतं ते बाळच.

हात मोकळे झाले म्हणून त्या हातांनी पोळ्या लाटायच्या नाहीत हं. चालायला जा. सोमेश्वरपर्यंत जाऊन ये.

‘आमची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे. थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, सुरगाण्याकडच्या बाया येतात, दोघींची लेकरं तान्ही आहेत, बांधावर आंब्याला झोळी बांधतात. फवारणीच्या भीतीनं एकीनं पाजणंच बंद केलंय. काय करू?’

ताई, मालकिणीनं हे विचारलं, बरं वाटलं. पाजणं बंद करायचं नाही, आजच सुरू करायला सांगा. हळूहळू दूध परत वाढतं, बाळ लावत राहिलं तर.

फवारणी ज्या प्लॉटला, त्या प्लॉटला त्या दिवशी या दोघी नकोत, आणि झोळी वारा जिकडून येतो त्या बाजूला, लांब. बागेत काम करताना साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात ना, औषध त्याच शर्टावर असतं. तो काढून बाजूला टांगायचा, कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, मग बाळ घ्यायचं. तोच शर्ट बाळाखाली अंथरलेला मी पाहिलाय. पिण्याचं पाणी औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरू देऊ नका, कितीही धुतला तरी. झोळीत बाळ उताणं, तोंडावर कापड नको, आणि मोठ्या माणसाची नजर त्यावर. सहा वर्षांच्या बहिणीला शाळा बुडवून तिथं बसवू नका. पाजायला गेलेला वेळ मजुरीतून कापू नका, एवढं तुमच्या हातात आहे.

‘बाळंतपणाच्या रजेचे 26 आठवडे संपत आले. मी नाशिकरोडला नोकरी करते, बाळ आजीकडे राहील. दूध काढून ठेवायचंय, पण ऑफिसात जागा म्हणजे बाथरूमच.’

बाथरूममध्ये बसून तू जेवशील का? मग बाळाचं जेवण तिथं कशाला काढायचं? कडी लागेल अशी कुठलीही खोली माग, रेकॉर्ड रूम असली तरी. लेखी माग. कामावर रुजू झाल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठीची सुट्टी कायद्यात आहे, नेहमीच्या मधल्या सुट्टीखेरीज. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोयही मालकानं करायची आहे. 2017 सालच्या दुरुस्तीनं रजा 12 आठवड्यांवरून 26 झाली हे सगळ्यांना ठाऊक असतं, पाळणाघराचं फारसं कुणी बोलत नाही.

हातानं काढता आलं तर पंपाची गरज नाही. अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडापासून दोन बोटं मागे. आधी छातीच्या भिंतीकडे दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे. बोंडाकडे ओढत न्यायचं नाही. पहिला मिनिटभर काही येत नाही, मग बारीक धार लागते. झाकणाच्या उकळलेल्या स्टीलच्या डब्यात काढ. खोलीत चार तास टिकतं, पण तेही 25 अंशांपर्यंत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ते गणित चालत नाही, थेट फ्रीजमध्ये. तिथं चार दिवस. दारातल्या कप्प्यात नको, मागच्या बाजूला ठेव.

आजीला आधीच सांग: साय वर येऊन दूध फाटल्यासारखं दिसेल, ते फाटलेलं नाही, हलकेच गोल फिरवायचं. गॅसवर तापवायचं नाही, डबा कोमट पाण्यात ठेवायचा. आणि बाटलीपेक्षा वाटी-चमचा. आता सहा महिने होताहेत, तेव्हा मऊ भात, वरण, कुस्करलेलं केळंही सुरू होईल. सगळा भार दुधावर नाही.

मध, गुटी, पाणी यावर येवला, सटाणा आणि मनमाडहून विचारणा आहे. वर्षाच्या आत मध नाही, बोटभरही नाही, त्यातल्या जंतूंनी तान्ह्याला अर्धांगासारखा आजार होऊ शकतो. सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, उन्हाळ्यातही नाही. सहाणेवरची गुटीही तोवर नाही. बाळाची छाती पिळून ‘दूध काढणं’ तर कुणीच करू नये, गळू होतं.

‘बाळ दोन महिन्यांचं. सगळं नीट आहे. तरी मला काहीच वाटत नाही. बाळ रडलं की कुणीतरी दुसऱ्याचं रडतंय असं वाटतं. रात्री ते झोपलं तरी मी जागीच. कधी कधी वाटतं मी नसते तर बरं.’ – पत्ता लिहिलेला नाही

तुझं पत्र गठ्ठ्यात खाली होतं, ते आधी वाचायला हवं होतं.

बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस उगाच भरून येतं, ते ओसरतं. तुझं तसलं नाही. दोन महिने झाले, झोप उडालीय, आणि शेवटचं वाक्य तू लिहिलंयस. हा आजार आहे, यावर औषध आहे, आणि पाजत असतानाही घेता येतील अशी औषधं डॉक्टरांकडे असतात. तू वाईट आई नाहीस. आज, हे वाचून झाल्यावर, 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा नंबर लाव. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. मग घरातल्या एका माणसाला, ज्याला सांगता येईल त्याला, तेच वाक्य सांग जे मला लिहिलंस. बोलता येत नसेल तर मासिकाचं हे पान उघडून त्याच्यासमोर ठेव. आणि दवाखान्यात एकटी जाऊ नको, त्याला सोबत ने.

ज्यांच्या घरात बाळंतीण आहे त्यांनीही हे पत्र पुन्हा वाचा. ‘सगळं नीट आहे’ असंच सुरू झालंय ते.

‘नात सातव्या महिन्यात झाली, 1600 ग्रॅम. पंधरा दिवस काचेत होती, काल निफाडला घरी आणली. डॉक्टर म्हणाले, छातीशी धरून ठेवा, कांगारूसारखं. सुनेला ताप आहे, मुलगा कामावर. मी 64 वर्षांचा आहे, घरी मोकळाच असतो. मी धरलं तर चालेल का? छातीवर केस आहेत.’

आबा, चालेल. तुमच्यासारखं पत्र मला इतक्या वर्षांत आलं नव्हतं.

ही पद्धत 1978 साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या एका दवाखान्यात सुरू झाली. तिथं काचेच्या पेट्या कमी आणि कमी दिवसांची बाळं जास्त. डॉक्टर एडगार रे यांनी बाळं आयांच्या छातीला बांधली. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या प्रत्येक बाळाला दिवसातले 8 ते 24 तास असं ठेवायला सांगते. आई सर्वांत बरी, पण ती आजारी असेल तर घरातलं कुठलंही धडधाकट माणूस चालतं. अंगाची ऊब तीच. निफाडची थंडी काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको.

बंडी काढा, वर पुढून उघडणारा सदरा घाला. नातीला टोपडं, मोजे आणि लंगोट एवढंच. छातीच्या मधोमध उभी धरा, डोकं एका बाजूला वळवून, हनुवटी किंचित वर. पाय बेडकासारखे. सुनेचं सुती लुगडं भोवती गुंडाळा, सदऱ्याची बटणं लावा, वरून घोंगडी. आरामखुर्चीत टेकून बसा, पूर्ण आडवे नको. एका बैठकीला निदान तासभर, उठबस करून उपयोग नाही. तुम्हाला झोप येऊ लागली की दुसऱ्याकडे द्या. दूध प्यायला सुनेकडे द्यायचीच, ताप असला तरी पाजता येतं, पण तिचा ताप आजच डॉक्टरांना दाखवा. बाळंतिणीचा ताप घरी ठेवायचा नसतो. नात गार लागली, निळसर दिसली, प्यायची थांबली, तर तशीच छातीशी धरून निघा.

केस चालतील. रोज आंघोळ, नखं कापलेली. आणि तंबाखू, असेल तर, आजपासून बंद.